चुन्यातला मका

पानाच्या दुकानात माणसाने किती चुना मागावा, याला काही सुमार असतो की नाही? बोटभर मागावा, फार तर एक डबी. ऑक्टोबरातला शनिवार होता. इल्फर्ड लेनवर नेहमीची विलायती भुरभुर चालली होती, छत्री उघडावी तर लाज वाटावी आणि मिटावी तर केस चिकटावेत, तसली. मी अप्पांसाठी तांदूळ आणि कोथिंबीर घ्यायला त्या पान-किराण्याच्या दुकानात शिरले, तर शेजारी एक उंच, भिजलेला माणूस काउंटरवर वाकून गुजराती दुकानदाराला सांगत होता, "चुना है क्या? एक किलो पाहिजे."

त्या 'पाहिजे'वरून कळलं की हा आपल्यातलाच आहे.

आता मी गप्प बसायला हवं होतं. पण मी हॉस्पिटलात डाएटिशियन, आणि त्याच आठवड्यात वॉर्डमध्ये तंबाखूने तोंडाची वाट लावून घेतलेला एक पेशंट होता, त्याला घोटभर सूपही गिळता येत नव्हतं. शिवाय माझ्या जिभेला हाड नाही हे आई मरेपर्यंत सांगत होती. मी त्या माणसाला तिथेच धरलं. तंबाखू, चुना, हिरड्या, गाल, सगळं सांगितलं. तो एवढा सुशिक्षित दिसतो, त्याला शोभतं का हेही विचारलं. त्याने ते शांतपणे ऐकून घेतलं, मध्ये एकदा मान हलवली, एकदा तर शंकाही विचारली. दुकानदार तोंडावर हात ठेवून हसत होता.

माझं संपल्यावर तो म्हणाला, "सगळं पटलं. पण मी खात नाही हो. मी मक्याला लावतो."

"कशाला?"

"मक्याला. चुन्याच्या पाण्यात मका शिजवायचा. सवडीने सांगितलं तर चालेल का? बाहेर पाऊस वाढलाय, आणि तुमचा हात माझ्या पिशवीवर आहे."

खरंच होता. मी तो काढून घेतला आणि कान गरम झाले ते झालेच.

दुकानदाराने होत्या नव्हत्या तेवढ्या चुन्याच्या डब्या त्याच्यापुढे मांडल्या आणि आम्ही दोघं दुकानाच्या छपराखाली पाऊस कमी व्हायची वाट बघत उभे राहिलो. त्याचं नाव पद्माकर देवरे, गाव सटाणा. रीडिंग गावच्या युनिव्हर्सिटीत तो मक्याच्या पिठावर पीएच.डी. करत होता. लॅबमध्ये चुना पोत्याने होता, पण लॅबमधलं काही तोंडात घालायचं नाही असा त्याचा नेम होता, आणि रीडिंगला पानवाला मिळेना. मी माझं नाव सुलक्षणा सांगितलं तेव्हा तो जरा थांबला आणि म्हणाला, आपल्या दोघांचीही नावं आजोबांनी ठेवलेली दिसतात. माझ्या वॉर्डमध्ये मला सगळे 'सू' म्हणतात हे मी त्याला सांगितलं नाही. इतक्या सरळपणे 'सुलक्षणा' म्हणणारं कुणी बऱ्याच दिवसांत भेटलं नव्हतं.

मग त्याने सवडीने सांगितलं. मेक्सिकोत बायका हजारो वर्षं मका चुन्यात उकळतात, रात्रभर भिजत ठेवतात, सकाळी चोळून धुतात. दाण्याची साल निघून जाते. तो ओला मका वाटला की जो गोळा होतो त्याला लवचिकपणा असतो, आणि त्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगाला लागतं. पुढे मका जहाजांत बसून जगभर गेला, पण चुना मागेच राहिला. ज्यांनी नुसता मका खाल्ला त्यांना पेलाग्रा झाला, कातडी सोलली, डोकी फिरली. पेलाग्रा मी परीक्षेसाठी पाठ केला होता. चुन्याचं मला कुणी शिकवलं नव्हतं.

पण मी अडकले होते वेगळ्याच शब्दावर.

"लवचिक म्हणजे... दुमडते? पोळीसारखी घडी होते?"

"चार पदरी होते," तो म्हणाला.

आणि मी जे जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. अनोळखी माणसाला अप्पांचं सगळं सांगून टाकलं.

अप्पा म्हणजे माझे वडील, डॉक्टर शशिधर गद्रे. वीस वर्षं इल्फर्डमध्ये जीपी होते. मी सात वर्षांची असताना आम्ही पुण्याहून आलो. आई गेली, आणि वर्षभरात अप्पांना सीलिअॅक निघाला, म्हणजे गव्हातलं ग्लूटेन पोटाला चालत नाही. चिमूटभरही नाही. जन्मभर दुसऱ्यांची पोटं दाबून बघणाऱ्या माणसाला स्वतःचं दुखणं सर्वांत शेवटी कळलं. आईच्या मागे पोळीही गेली. ज्वारीचं पीठ बोटीने येऊन दुकानात महिनोन्‌महिने पडलेलं असायचं, त्याची विरी गेलेली. भाकरी थापायला घेतली की कडा फाटायच्या, तव्यावर टाकली की तुकडे. आणि ते पीठ कुठल्या चक्कीवर गव्हाच्या मागून दळलंय ते देव जाणे. म्हणून भात. रोज भात, आणि तोही फक्त माझ्या हातचा. अप्पांनी लोकांकडे जाणं सोडलं, मंडळाच्या कार्यक्रमांना जाणं सोडलं. विचारलं की म्हणायचे, भूक नाही. कोट अंगावर लोंबायला लागला होता.

मी लीड्सची चांगली नोकरी सोडली होती. एकोणतिशी आली होती. माझं लग्न व्हावं असं अप्पांना वाटे, आणि माझ्या हातचं सोडून ते काही खात नसत. या दोन गोष्टी एका घरात कशा नांदणार?

हे शेवटचं मी पद्माकरला सांगितलं नाही. पण पाऊस थांबला तरी तो छपराखालून हलला नाही. म्हणाला, "पुढच्या रविवारी पीठ घेऊन येऊ का? माझं भांडं, माझा मिक्सर. गहू माझ्या खोलीत नाहीच, मला पोळ्या येत नाहीत."

रविवारी तो आला. ओल्या फडक्यात गुंडाळलेला पांढरट गोळा त्याने ओट्यावर ठेवला, आणि स्वयंपाकघरभर एक वास पसरला, ओल्या मातीसारखा, थोडा शेकलेल्या कणसासारखा. अप्पा दारात उभे राहून बघत होते. त्यांनी परीक्षकासारखे प्रश्न विचारले. चुना पोटाला बाधत नाही का? तीन पाण्यांनी धुतो. मका कुठला? आफ्रिकन दुकानातला, अख्खा, मी स्वतः निवडलेला. वाटला कशात? अप्पांना उत्तरं पटली असावीत, कारण ते खुर्चीवर बसले.

पद्माकरला काहीतरी जड हवं होतं. लाटणं चालणार नाही, त्याने जन्मभर गहू खाल्लाय, असं त्याने लाटण्याकडे बोट दाखवून सांगितलं. अप्पा उठले, आतून त्यांचं सर्वांत जाड मेडिसिनचं पुस्तक घेऊन आले आणि म्हणाले, इतक्या वर्षांनी हे कुणाच्या तरी पोटाच्या कामी येऊ दे. प्लास्टिकची पिशवी कापून तिच्या दोन पदरांत लिंबाएवढी गोळी ठेवली, वर पुस्तक ठेवलं आणि पद्माकर त्याच्यावर दोन्ही हातांनी रेलला. गोल, नितळ चकती निघाली. कड कुठेही फाटली नव्हती. तव्यावर टाकली, उलटली, पुन्हा उलटली. त्याने ती अप्पांच्या ताटात चार पदरी घडी घालून वाढली, वर तूप आणि मीठ.

अप्पांनी घडी उघडली, परत घातली. दोनदा. मग तुकडा मोडून खाल्ला आणि म्हणाले, "देवरे, अजून एक आहे का?"

मी सिंककडे वळले आणि उगाच नळ सोडला. चांगला जोरात.

निघताना पद्माकर दारात म्हणाला की एक गोष्ट मात्र जमली नाही, पोळी फुगायला हवी होती. मी त्याला सांगितलं, आई म्हणायची, पोळी टम्म फुगली की समजावं, कुणाला तरी खरी भूक लागलीय, आणि मग विचारायची, कुणाला? तो म्हणाला, मग थांबू या, हिवाळा मोठा आहे.

हिवाळा खरंच मोठा होता, आणि प्रत्येक रविवारी तो रीडिंगहून गाड्या बदलत इल्फर्डला यायचा. त्याच पिठाचं काय काय व्हायचं म्हणून सांगू! कांदा-मिरची घालून थापलेलं थालीपीठ. गूळ घालून पातळ केलेली पेज, मेक्सिकोत तिला अटोले म्हणतात, अप्पा तिला आंबील म्हणायचे आणि दोन वाट्या प्यायचे. मक्याच्या वाळलेल्या पानात सारण भरून वाफवलेले तामाले आले, तेव्हा अप्पांना एकदम त्यांच्या कोकणातल्या आत्याच्या पातोळ्या आठवल्या आणि ते तासभर बोलत राहिले. आई गेल्यापासून ते सलग इतकं बोलले नव्हते. नाताळापर्यंत त्यांच्या गालांवर मांस आलं. 'देवरे'चा 'पद्माकर' झाला, 'तुम्ही'चं 'तू' झालं. आमचंही.

पोळी काही फुगली नाही.

एका रविवारी त्याने मका आमच्याच घरी शिजवला. भांड्यावर वाफ, खिडकीच्या काचा धूसर, पाणी पिवळं झालेलं. शिजलाय की नाही ते कसं कळतं, मी विचारलं. त्याने माझा हात धरून भांड्यातला एक दाणा माझ्या चिमटीत दिला.

"चोळ. साल सुटली?"

"सुटली..."

"मग हात का सोडत नाहीस?"

"हात तू धरलायस, पद्माकर."

त्याने बघितलं, आणि खरंच त्यानेच धरला होता. तरी सोडला नाही. बाहेर अप्पांनी मोठ्याने खोकून टीव्ही लावला. माझ्या बोटांना चुन्याच्या पाण्याचा बुळबुळीतपणा होता आणि मला ती बोटं धुवावीशी वाटेनात.

मग भोगी आली.

आमच्याकडे भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी झाल्याशिवाय संक्रांत येत नाही. आईच्या मागे ते बंदच पडलं होतं. अप्पांनी स्वतःहून विषय काढला, या वर्षी मक्याची भाकरी तीळ लावून करू, आणि मंडळातल्या दोन जोडप्यांनाही बोलवू. लोकांना बोलवू, असं अप्पा म्हणाले! मी आनंदाने वेडी व्हायची बाकी होते. भाजीत वाल, गाजर, वांगं, ओला हरभरा मिळाला नाही म्हणून मटार, सगळं घातलं आणि आईसारखी हिंगाची सढळ फोडणी दिली. आईचा खडा हिंग संपला होता. पुण्याहून आलेल्या कुणीतरी दिलेली हिंगाच्या पुडीची नवी डबी त्याच दिवशी उघडली. पद्माकरने एवढ्या माणसांसाठी पीठ जास्त लागेल म्हणून त्याच्या छोट्या मिक्सरऐवजी डिपार्टमेंटच्या चक्कीवर वाटून आणलं.

जेवण झकास झालं. अप्पांनी दोन भाकऱ्या आणि दोन वाट्या भाजी खाल्ली, विनोद सांगितले. आणि पहाटे ते उठले ते सकाळपर्यंत बाथरूममधून बाहेर आले नाहीत.

सकाळी पद्माकरने तिळगूळ द्यायला फोन केला, तेव्हा मी त्याला सांगितलं. मग तो हळूच म्हणाला की त्या चक्कीवर गहूही दळतात. त्याने ती खोलून, घासून, दोनदा धुतली होती. पण तरी... लॅबमधलं काही तोंडात घालायचं नाही हा नेम त्याने स्वतःच मोडला होता. मी रात्रभर जागलेली. तोंडाला येईल ते बोलले. तुझ्या संशोधनासाठी माझे वडील उंदीर नाहीत, असंही बोलले. तिळगूळ घ्या, गोड बोला म्हणतात त्या दिवशी!

तो भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "बरोबर आहे तुझं. मी यापुढे त्यांच्या ताटात काही वाढणार नाही." आणि त्यानंतरच्या रविवारी आला नाही. पुढच्याही नाही.

मी भात लावायला लागले. वरण, भात, ताकाची कढी. अप्पा दोन घास खाऊन ताट सरकवायचे. पोट सुधारेना. गाल पुन्हा आत गेले. भोगीला येऊन गेलेली माणसं चौकशी करायची आणि अप्पा फोनवर यायला नकार द्यायचे. रविवारी दाराची बेल वाजली की ते मान वर करायचे, दूधवाला निघाला की खाली घालायचे. मीही तेच करत होते, फक्त स्वयंपाकघरात.

फेब्रुवारी निम्मा उलटला असेल. कढीला फोडणी देताना मी हिंगाच्या डबीत चमचा घातला आणि हात तिथेच थांबला. आई हिंग कसा काढायची? बत्त्याने. खडा फडक्यात धरून ठेचायची, दगडासारखा असायचा, ठेचताना तिची बांगडी एकदा फुटली होती. आणि ही पुडी चमच्यावरून कशी घरंगळतेय... मी ती चिमटीत घेतली आणि बोटं एकमेकांवर चोळली. मऊ. पिठासारखी मऊ.

मका महिनाभर घरात आला नव्हता. आणि अप्पा महिनाभर आजारी होते. फोडणी मात्र रोज होती.

मी गॅस बंद केला. अप्पांना नुसता तूपभात वाढून दिला आणि कढी ओतून टाकली. दुसऱ्या दिवशी सुट्टी घेतली, डबी पर्समध्ये टाकली आणि निघाले. लिव्हरपूल स्ट्रीट, पॅडिंग्टन, मग रीडिंगची गाडी. डब्यात सूटवाली माणसं पेपर वाचत होती आणि माझ्या पर्समधून हिंगाचा असा भपकारा येत होता की शेजारचा बिचारा दोनदा स्वतःच्या बुटांकडे बघून उठून गेला.

पद्माकर लॅबमध्ये पांढऱ्या कोटात उभा होता. महिन्याभरात वाळला होता. मला वाटलं होतं की बघताक्षणी काहीतरी नीट बोलावं, पण मी डबी टेबलावर आपटली आणि म्हणाले, यात पीठ आहे का बघ.

त्याने लगेच डबी उघडली. काचेच्या बशीत एका बाजूला मीठ ठेवलं, एका बाजूला चिमूटभर हिंग. दोन्हींवर आयोडीनचा एकेक थेंब टाकला. मिठावर तो थेंब तांबूसच राहिला. हिंग बघता बघता निळाकाळा झाला.

"स्टार्च," तो म्हणाला. त्याने नखाने डबीवरची किमतीची चिकटपट्टी खरवडली. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं. आम्ही दोघं वाकलो, त्याची हनुवटी माझ्या केसांना लागत होती. गव्हाचं पीठ.

मला रडू आलं, हसूही आलं. आठवडाभरात शंभर पेशंटना 'पाकिटावरचं वाचत जा' म्हणून सांगणारी मी!

"मक्याने काही केलं नव्हतं," मी म्हणाले. "तूही नाही. मी जे बोलले ना..."

"ते राहू दे."

"नाही, राहू कसं देऊ? मी घाणेरडं बोलले. मला माफ कर. आणि रविवारी ये. अप्पा बेल वाजली की मान वर करतात."

"फक्त अप्पा?"

मी बशीकडे बघत राहिले. निळा रंग आणखी गडद झाला होता.

"नाही," मी म्हणाले. "फक्त अप्पा नाही."

त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग त्याने सांगितलं की जूनमध्ये त्याची पीएच.डी. संपते, आणि मेक्सिकोच्या एका मका संशोधन केंद्रात त्याला दोन वर्षांची नोकरी मिळाली आहे. तो हे संक्रांतीलाच सांगणार होता, तिळगूळ देऊन. "सुलक्षणा, मला तू आवडतेस. पहिल्या दिवशी चुन्यावरून झापलंस तेव्हापासून. तू... येशील का माझ्याबरोबर? लग्न करून."

किती सरळ विचारलं त्याने. आणि मला 'हो' म्हणायचं होतं, अगदी जिभेच्या टोकावर होतं. पण डोळ्यांपुढे अप्पांचं सरकवलेलं ताट आलं.

"मी गेले तर अप्पांना कोण वाढणार?" मी म्हणाले. "ते दुसऱ्या कुणाच्या हातचं खात नाहीत. मी नाही येऊ शकत, पद्माकर. तू विचारलंस... तेच खूप झालं."

तो स्टेशनपर्यंत पोचवायला आला. प्लॅटफॉर्मवर वारा होता. त्याने माझ्या कोटाचं वरचं बटण लावून दिलं, जसं काही रोज लावतो, आणि गाडी सुटेपर्यंत आम्ही दोघंही हवेबद्दल बोललो. मी पॅडिंग्टनपर्यंत रडत होते आणि या वेळी शेजारी कुणी बसलंच नाही.

हिंग गेला आणि अप्पांचं पोट आठवड्याभरात ताळ्यावर आलं. मी त्यांना हिंगाचं सगळं सांगितलं, मेक्सिकोचं नाही. पद्माकर रविवारी येईना. परीक्षेची तयारी, प्रबंधाची घाई, फोनवर काही ना काही सांगायचा. मीही फार ताणलं नाही, भेटून रडण्यापेक्षा न भेटलेलं बरं. पण गंमत म्हणजे अप्पा खुशीत दिसायला लागले. मी ड्युटीवरून आले की ओटा लखलखीत पुसलेला असे. एकदा त्यांच्या बाहीला काहीतरी पांढरं लागलं होतं. विचारलं तर म्हणाले, खडू. निवृत्त डॉक्टरला खडू कशाला लागतो, हे माझ्या डोक्यात शिरलं नाही. प्रेमात पडलेल्या बाईची अक्कल शेण खायला गेलेली असते.

पाडव्याला शनिवार होता, तरी सकाळची ड्युटी होती. दुपारी घरी आले तर मागच्या बागेत झाडूच्या दांड्याला आईचं हिरवं रेशमी लुगडं बांधून गुढी उभी. आणि स्वयंपाकघरातून तो वास. ओल्या मातीचा, शेकलेल्या कणसाचा.

अप्पा एप्रन बांधून तव्यापुढे उभे होते. ओट्यावर मेडिसिनचं पुस्तक, पिशवीचे दोन पदर, ओल्या फडक्यात गोळा. पद्माकर कोपऱ्यातल्या स्टुलावर हाताची घडी घालून बसला होता, शाळेत शिक्षा झाल्यासारखा.

"हात लावायचा नाही, असं मला सांगितलंय," तो म्हणाला.

"तीस वर्षं लोकांची हिस्टरी काढली मी," अप्पा पाठमोरेच म्हणाले. "याने माझी तब्येत विचारायला फोन केला आणि दोन मिनिटांत याची काढली. मेक्सिको, तू, सगळं. मग म्हटलं, तुझी शिक्षा ही, की मला हे शिकव. बुधवारी येतो हा, तू कामावर असताना. मका भिजत मी घालतो, धुतो मी, वाटतो मी."

मी दारातच उभी. कोटसुद्धा तसाच अंगावर.

अप्पांनी पोळी उलटली, आणि मग माझ्याकडे वळले. "सुलू, तुझी आई गेली तेव्हा मला भूक नव्हती, हे खरं. पण पुढे... मी जेवत नाही म्हणून तू घरी राहतेस, हे मला कळत होतं. कळत होतं आणि बरं वाटत होतं. बापाने असं करू नये. आता माझी पोळी मी करतो. बिघडली तर बिघडलेली खाईन. तू तुझं बघ."

"आणि एकटे राहाल?"

"एकटा कसला? मंडळातल्या चौघांना पुढच्या रविवारी बोलावलंय. त्यांना या चुन्याचं कौतुक सांगायचंय. आणि हिवाळ्यात मी तिकडे येईन. हा म्हणतो तिथे जानेवारीत ऊन असतं."

मी पद्माकरकडे बघितलं. तो स्टुलावरून उठला होता, पण पुढे येत नव्हता. त्याने एकदा विचारलं होतं, आता पाळी माझी होती. माझ्या जिभेला हाड नाही म्हणतात, आणि ऐन वेळी ती टाळ्याला चिकटली.

"मेक्सिकोत..." मी म्हणाले, "पाडव्याला कडुलिंब मिळतो का?"

"नसला तर लावू," तो म्हणाला. "तू ये."

"येते."

तो पुढे आला आणि त्याने माझ्या कोटाचं वरचं बटण काढलं, जे रीडिंगच्या प्लॅटफॉर्मवर त्यानेच लावलं होतं. अप्पा तव्याकडे तोंड करून उभे राहिले, बराच वेळ, मुद्दाम.

"इकडे बघा," ते एकदम म्हणाले.

तव्यावरच्या पोळीच्या मधोमध एक बुडबुडा उठला. तो सरकत कडेपर्यंत गेला, दुसरा त्याला येऊन मिळाला, आणि सगळी पोळी हळूहळू वर येऊन टम्म फुगली. हिवाळाभर पद्माकरकडून फुगली नव्हती ती. आम्ही तिघंही तव्यावर वाकून बघत राहिलो.

"तुझी आई काय विचारायची?" अप्पा म्हणाले.

"कुणाला भूक लागलीय?" मी म्हणाले.

पद्माकरने तोंड उघडलं, मी त्याच्या पायावर पाय दिला. अप्पांनी पोळी ताटात घेतली, तूप सोडलं, खुर्ची ओढून बसले. मला वाढू दिलं नाही.

"मला," ते म्हणाले. "मला लागलीय."